‘शिपाई’ म्हणजे नेमका कोण?

धर्मग्रामांच्या स्मरणिकांतून आपल्या घराण्याचा इतिहास लिहिण्याची प्रथा रुजली आहे, ही स्वागतार्ह गोष्ट होय. मात्र या लेखनातील एका दोषाची चिकित्सा व्हावयास हवी. महायुद्धाच्या काळातील जन्मदाखल्यात किंवा बाप्तिस्म्याच्या नोंदीत वडिलांचा व्यवसाय आढळला, की त्या एका शब्दावर शौर्यगाथेचा डोलारा उभारला जातो.

‘शिपाई’ हाच शब्द घ्या. आपला पाथरीचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता व कारभाराची भाषा उर्दू होती. उर्दूतील ‘सिपाही’ सैनिकही असतो आणि पोलीसही. मराठीत तर कचेरीतला चपराशीही शिपाईच. सैनिक ठरला तरी तो संस्थानी फौजेतला की ब्रिटिश हिंदी सैन्यातला, हा प्रश्न उरतोच.

इंग्रजी नोंदींतील ‘फॉलोअर’ त्याहून फसवा. भाविक वाचकास तो ख्रिस्तानुयायी वाटावा. लष्करी परिभाषेत मात्र तो स्वयंपाकी, पाणक्या, धोबी, झाडूवाला असा बिनलढाऊ सेवक होय. पहिल्या महायुद्धासाठी भारतातून भरती झालेल्या सुमारे १४ लाखांपैकी साडेपाच लाखांहून अधिक लोक बिनलढाऊच होते.

व्यवसाय बदलला म्हणजे माणूसच निराळा, हे अनुमानही घाईचे. १९१७ साली उभारलेली १११ वी महार पलटण १९२१ साली मोडण्यात आली. अशा घरी थोरल्याच्या नोंदीत बाप शिपाई व धाकट्याच्या नोंदीत मजूर असेल, तर दोन्ही नोंदी खऱ्या असू शकतात. नोंद त्या दिवसापुरते बोलते, आयुष्यभराचे नव्हे. रकाना रिकामा असला तरी बाप बेकार होता असे ठरत नाही. १९१७ च्या कॅनन कायद्याने बाप्तिस्म्याच्या नोंदीत मातापित्यांची नावे मागितली होती, व्यवसाय नव्हे.

म्हणून दाखल्याच्या नकलेवर न विसंबता मूळ नोंदवही पाहावी. भावंडांच्या व विवाहाच्या नोंदी शेजारी ठेवाव्यात. घरात पहिल्या महायुद्धाचे पदक असेल, तर त्याची कड निरखावी. तेथे नाव, क्रमांक व पलटण कोरलेली असते.

संत योसेफाचा व्यवसाय सांगणारा मूळ ग्रीक शब्दही सुताराला आणि बांधकाम करणाऱ्या कारागिराला सारखाच लागू पडतो. सुवार्ताकारांनी त्यास वाढवून मोठे केले नाही. पाणक्या म्हणून समुद्रापार गेलेल्या आजोबांना हवालदार करणारा नातू त्यांचा गौरव करीत नाही. त्यांच्या जागी तो दुसऱ्याच कुणाला बसवितो. तहानलेल्या पलटणीला पाणी पाजणारा तो खरा माणूस मात्र कुळकथेतून कायमचा नाहीसा होतो.