वाळवीच्या वाटेवरचे चंद्र-सूर्य

आमच्या परभणीकडच्या खेड्यांत मारुतीच्या पाराशी किंवा पडक्या महादेवाच्या देवळाबाहेर वीरगळ दिसतात. खाली लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. अर्थ सरळ आहे: चंद्र-सूर्य आहेत तोवर ही आठवण राहील. दगड राहिला. पण महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर लेख नसतो, नाव गेलं. आता त्याला शेंदूर लागतो आणि लोक देव समजून हात जोडतात.

हेच चंद्र-सूर्य मेळघाटात सागाच्या लाकडावर भेटतात. धारणी-चिखलदऱ्याकडचे कोरकू माणूस गेल्यावर, कधी काही वर्षांनी, सिडोलीचा विधी करतात. खर्च मोठा, म्हणून घरातल्या अनेक मृतांचा विधी एकत्रही होतो. त्या वेळी कोरलेला लाकडी मुंडा पुरतात. त्यावर चंद्र-सूर्य, घोडेस्वार, माणसं. पुढे ऊन-पावसात तो चिरतो, त्याला वाळवी लागते.

मला मुंडा वीरगळापेक्षा शहाणा वाटतो. आठवण दगडावर सोपवली की माणसं मोकळी होतात. लाकूड तशी सुटका देत नाही. घरात पुन्हा कुणी गेलं की पुन्हा कोरावं लागतं, पुन्हा सगळ्यांना जमावं लागतं. हार्ड डिस्कवर पडून असलेली फाइल आणि चालू असलेला प्रोग्राम, इतका हा फरक आहे.

इंडोनेशियातल्या पापुआमधले अस्मात लोक हीच गोष्ट टोकाला नेतात. त्यांच्या बिस खांबावर एकावर एक माणसं कोरलेली असतात आणि त्यांना मृतांची नावं दिलेली असतात. सोहळा झाला की खांब साबुदाण्याच्या ताडांच्या बनात कुजायला सोडतात. मायकेल रॉकफेलरने १९६१ मध्ये जमवलेले असे खांब आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये उभे आहेत. ते तिथे नसते तर आपल्या फोनवर दिसलेही नसते, हे खरं. पण तिथे आपण आकाराचं कौतुक करतो. कुजणं हा त्या कामाचाच शेवटचा भाग होता, हे नजरेतून सुटतं.

मेळघाटात हा प्रश्न कलेपुरता राहत नाही. व्याघ्रप्रकल्पातून बोरी, कोहा, कुंड ही गावं बाहेर हलवली गेली. गाव उठतं तेव्हा घरं, गुरं, भांडी नेता येतात. पुरलेला मुंडा उपटून नेला तर उरतं नुसतं लाकूड.

म्हणून संग्रहालयात असा खांब दिसला, तर तो किती जुना एवढंच विचारू नका. कुणासाठी कोरला होता आणि त्यानंतरचा कुठे उभा आहे, हेही विचारा.