आत्मसन्मानाची ‘लस’

कुमारवयीन मुलांच्या मानसिक स्वास्थ्याचा विषय निघाला, की ‘मुलांचा आत्मसन्मान जपा’ हा सल्ला हमखास ऐकू येतो. सल्ला चांगलाच आहे. पण आत्मसन्मान कशाने वाढतो आणि तो वाढल्याने नेमके काय साधते, हे प्रश्न फारसे विचारले जात नाहीत. ते न विचारल्याने काय होते, हे पाहायचे असेल तर अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा १९९० सालचा अहवाल आजही वाचण्याजोगा आहे.

ह्या राज्याच्या विधिमंडळाचे सदस्य जॉन व्हॅस्कॉन्सेलोस यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये कायदा होऊन, आत्मसन्मानाच्या अभ्यासासाठी २५ जणांचा एक कृतिगट स्थापन झाला. गुन्हेगारी, व्यसने, कुमारवयातील गर्भधारणा, शाळेतील अपयश अशा अनेक दुखण्यांच्या मुळाशी आत्मसन्मानाचा अभाव आहे, अशी त्यामागची धारणा होती. अहवालात तर आत्मसन्मानाला ‘सामाजिक लस’ अशी उपमाच दिली गेली.

‘लस’ हा शब्द वाचून आम्ही विज्ञानाची माणसे थबकतो. कोणतीही लस सर्वांना टोचण्यापूर्वी, ती दिलेल्या आणि न दिलेल्या अशा दोन गटांची तुलना केली जाते. इथे अशी कसोटी लावलेली नव्हती. उलट, ह्याच कामाच्या निमित्ताने कॅलिफोर्निया विद्यापीठातील अभ्यासकांनी उपलब्ध संशोधनाचा जो आढावा घेतला, तो १९८९ मध्ये ग्रंथरूपाने निघाला. आत्मसन्मान आणि हे सामाजिक प्रश्न यांच्यातील आढळलेले संबंध निराशा वाटावी इतके क्षीण आहेत, असे समाजशास्त्रज्ञ नील स्मेल्सर यांनी त्याच्या प्रास्ताविकातच मान्य केले होते. अहवालाचा उत्साह मात्र त्याने कमी झाला नाही. पुरावा हाती असूनही निष्कर्ष आधीच ठरलेला असणे, हा ह्या अहवालाचा पहिला दोष.

दुसरा दोष कार्यकारणभावाचा. अभ्यासात चांगल्या असणाऱ्या मुलांचा आत्मसन्मान काहीसा अधिक आढळतो, हे खरे. पण आत्मसन्मानामुळे अभ्यास जमतो, की अभ्यास जमल्यामुळे आत्मसन्मान वाढतो? रॉय बाउमायस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये केलेल्या विस्तृत आढाव्यात असे दिसले, की केवळ आत्मसन्मान वाढवून शालेय यश वाढत असल्याचा पुरावा मिळत नाही. पुढे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, परीक्षेत मागे पडलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना स्वतःविषयी चांगले वाटावे असे संदेश दर आठवड्याला पाठवण्यात आले. त्यांचे गुण वाढले तर नाहीतच, उलट घसरले.

मग आत्मसन्मानाला महत्त्वच नाही का? तसे म्हणणे ही दुसऱ्या टोकाची चूक ठरेल. २०१३ मध्ये सोविस्लो आणि ऑर्थ यांनी नैराश्याविषयीच्या ७७ दीर्घकालीन अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. कमी आत्मसन्मानाचा पुढील काळातील नैराश्याशी असलेला संबंध, नैराश्याचा पुढील आत्मसन्मानाशी असलेल्या संबंधाच्या सुमारे दुप्पट आढळला. संबंध लहान आहे, पण खरा आहे. म्हणजे गुणपत्रिकेसाठी नव्हे, तर मनःस्वास्थ्यासाठी आत्मसन्मानाची काळजी घेतली पाहिजे.

पण कोणत्या आत्मसन्मानाची? मॉरिस रोझेनबर्ग यांनी न्यूयॉर्क राज्यातील सुमारे ५००० शालेय विद्यार्थ्यांचा अभ्यास करून १९६५ मध्ये १० विधानांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. ती आजही वापरली जाते. त्यांच्या मते आत्मसन्मान म्हणजे ‘मी इतरांहून श्रेष्ठ’ ही भावना नव्हे. ‘मी जसा आहे तसा पुरेसा आहे’ ही भावना होय. कॅलिफोर्नियाच्या अहवालानेही स्वतःचे मोल ओळखण्याबरोबरच स्वतःची जबाबदारी घेणे आणि इतरांशी जबाबदारीने वागणे, यांचा व्याख्येत समावेश केला होता. ही त्याची जमेची बाजू. मात्र ह्या चळवळीतून अनेक शाळांपर्यंत पोचली ती बहुतांशी स्तुती. व्याख्येचा जबाबदारीचा भाग मागे राहिला.

ह्या स्तुतीचाही उलटा परिणाम होऊ शकतो. नेदरलँड्समध्ये एडी ब्रुमेलमन व सहकाऱ्यांनी ८ ते १२ वर्षांच्या मुलांकडून चित्रे काढून घेतली. ‘विलक्षण सुंदर’ अशी भरमसाट स्तुती झालेल्या, मुळात कमी आत्मसन्मान असलेल्या मुलांनी पुढच्या वेळी अवघड चित्रे टाळली. (हे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.) इतकी उंच अपेक्षा पुन्हा पुरी करता येईल, असा भरवसा त्यांना वाटला नसावा.

वर्गात परत येऊ. चाचणीत २५ पैकी ६ गुण मिळालेल्या नववीतल्या मुलाला ‘तू फार हुशार आहेस’ असे सांगितले, तर ते खरे नाही हे तोच सर्वांआधी ओळखतो, आणि मग बाईंच्या खऱ्या शब्दावरचाही त्याचा विश्वास उडतो. त्यापेक्षा ‘समीकरण बरोबर मांडलेस, चिन्ह बदलताना चुकलास; उद्या मधल्या सुट्टीत ये, पाहू’ हे वाक्य अधिक उपयोगी. त्यात चूक लपवलेली नाही आणि मुलाला नाकारलेलेही नाही. गुण कमी पडले तरी ह्या वर्गात आपली जागा कायम आहे, हे त्याला कळते.

एक गोष्ट विसरता कामा नये. एखादे मूल आठवडेच्या आठवडे उदास असेल, जेवण-झोप बिघडली असेल किंवा मरणाची भाषा बोलत असेल, तर तिथे आत्मसन्मानाचे उपक्रम पुरे पडत नाहीत. पालकांना विश्वासात घेऊन तत्काळ डॉक्टरांची मदत घ्यावी. केंद्र सरकारची २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर विनामूल्य मिळते.

अहवालाचा हेतू चांगला होता, ह्याविषयी आम्हांला शंका नाही. पण चांगल्या हेतूलाही पुराव्याची कसोटी लागते, आणि मुलांच्या मनाचा प्रश्न असताना ती अधिकच काटेकोरपणे लावायला हवी.