‘सुरुङ्गा’ आणि सुरुंग : एका अर्थाची छाननी

जुनीं बाडें वाचणाऱ्यांस ‘सुरुंग’ हा शब्द वारंवार चकवितो. आमच्या परभणी जिल्ह्याच्या काळ्या पाषाणांत विहीर खणतांना सुरुंग लावतात, म्हणजे भोंक पाडून त्यांत दारू ठासतात व खडक उडवितात. हाच अर्थ ओळखीचा असल्यामुळें संस्कृत ग्रंथांतील ‘सुरुङ्गा’ शब्दासही तो चिकटविण्याचा मोह होतो. आणि मग प्राचीन खाणींत दारूनें खडक फोडीत, असें अनुमान निघतें. तें आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.

म्हैसूरच्या ताडपत्री पोथीवरून शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं छापलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत, निशान्तप्रणिधि या अध्यायीं, राजाच्या भूमिगृहास अनेक सुरुङ्गा असाव्या असें सांगितलें आहे. ज्या वाटेनें राजानें जीव वाचवावयाचा, ती स्फोटाची जागा कशी असेल? महाभारतांत लाक्षागृहाखालीं खनकानें खणलेली सुरुङ्गाही निसटण्याची वाटच होती. हा शब्द ग्रीक ‘सिरिंक्स’ म्हणजे नळी यावरून आला, असें मत ऑटो स्टाइन यांनीं मांडलें. तें मानलें तरी मूळ अर्थ पोकळी हाच राहतो.

आकराध्यक्षाच्या प्रकरणांत जुन्या खाणीच्या खुणा म्हणून किट्ट, मूस, कोळसा व राख हीं सांगितलीं आहेत, दारू नाहीं. राजस्थानांतील जावरच्या प्राचीन खाणींत खडक विस्तवानें तापवून फोडीत. युरोपांतही खाणींत दारू वापरल्याची पहिली कागदोपत्रीं नोंद १६२७ ची, आजच्या स्लोवाकियांतील शेम्निट्झची आहे. आपल्याकडे १६६० सालीं शाएस्ताखानानें चाकणचा बुरूज भुयारांत दारू भरून उडविला. अशा प्रसंगीं पोकळी आणि स्फोट हे दोन्ही अर्थ एकाच शब्दांत येऊन बसतात. संस्कृतांतील स्त्रीलिंगी शब्द मराठींत पुल्लिंगी झाला, तसाच त्याचा अर्थही पालटला.

धातूच्या भूमिगत खाणीचें आजचें काम पाहतां हा अर्थपालट सहज उमगतो. अशा खाणी आपल्याकडे भंडारा जिल्ह्यांत चिखला येथें व नागपूर जिल्ह्यांत गुमगांव येथें मँगनीजच्या आहेत. भूमिगत खाणींत भुयार पुढें नेतांना समोरच्या खडकावर आंखणी करून भोंकें पाडतात. मधलीं आधीं उडवून पोकळी करतात. मग भोंवतालचीं क्षणाक्षणाच्या अंतरानें उडवितात. पुढें मोकळी जागा नसेल, तर स्फोटाचा जोर वायां जातो. कामांत पोकळी आधीं, तशीच शब्दाच्या इतिहासांतही.

यास्तव संपादकांस आमची विनंति अशी कीं, बाडांत ‘सुरुंग’ आढळल्यास दारू, बत्ती अथवा उडविणें यांचा उल्लेख जवळपास आहे कीं नाहीं, तें आधीं पाहावें. नसल्यास ‘भुयार’ असाच अर्थ द्यावा. एका चुकीच्या टीपेनें दारूचा इतिहास दीड-दोन हजार वर्षें मागें ढकलला जातो, आणि मूळ पोथीकडे न वळणारा वाचक तोच पुरावा समजून पुढें चालतो.