खणखणीत नाण्याची पारख : संग्राहकांसाठी पाडलेल्या नव्या नाण्यांच्या दर्जाचा प्रश्न

प्रस्तावना

कारधा हे भंडारा शहरानजीक वैनगंगेच्या काठी वसलेले गाव. भंडाऱ्याची ख्याती पितळी भांड्यांसाठी आहे. भांडे घेणारा ग्राहक ते वाजवून, उजेडात फिरवून, कडा चाचपूनच घेतो. एकेकाळी नाण्याचीही पारख अशीच होत असे. 'खणखणीत नाणे', 'वाजवून घेणे' हे शब्दप्रयोग त्याची साक्ष देतात. टांकसाळीतून बंद वेष्टनात येणाऱ्या संग्राह्य नाण्याला मात्र ही कसोटी लावता येत नाही. कारध्यासारख्या गावातील संग्राहक आधी पैसे भरतो आणि नाणे नंतर पाहतो. प्रस्तुत लेखात या व्यवहारातील दर्जाच्या प्रश्नाचा विचार केला आहे.

संग्राह्य नाणे आणि त्यातील दोष

स्वतंत्र भारतात स्मारक नाण्यांची परंपरा १९६४ मध्ये पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ काढलेल्या नाण्यांपासून सुरू झाली. २००६ पासून मुंबई, कोलकाता, हैदराबाद व नोएडा येथील टांकसाळी भारत प्रतिभूती मुद्रण तथा मुद्रा निर्माण निगमाच्या अखत्यारीत आहेत. 'प्रूफ' प्रकारातील नाण्यासाठी चकती व ठसा दोन्ही घासून चकचकीत केले जातात आणि एकाच चकतीवर ठशाचे एकाहून अधिक आघात दिले जातात. आरशासारखी पार्श्वभूमी व त्यावरील धूसर आकृती हेच अशा नाण्याचे वैशिष्ट्य होय. त्यामुळे बोटाचा ठसा, ओरखडा, पांढुरका डाग किंवा पुसट आकृती यांपैकी एकही दोष त्याचे मोल घटविण्यास पुरेसा ठरतो.

यातील काही दोषांचे मूळ धातूतच असते. संसद भवनाच्या नव्या वास्तूनिमित्त २०२३ मध्ये काढलेले ७५ रुपयांचे नाणे ३५ ग्रॅम वजनाचे असून त्यात ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे आणि प्रत्येकी ५ टक्के निकेल व जस्त आहे. तांब्याचे प्रमाण एवढे असता दमट हवा व गंधकयुक्त वायूंच्या संपर्काने नाणे काळवंडणे स्वाभाविक आहे. अशा वेळी वेष्टन हा शोभेचा भाग राहत नाही, तो दर्जाचाच भाग ठरतो. शुद्ध चांदीही दोषमुक्त नसते. कॅनडाच्या टांकसाळीला चांदीच्या नाण्यांवरील पांढऱ्या डागांवर उपाय म्हणून २०१८ मध्ये स्वतंत्र तंत्र जाहीर करावे लागले. तेथे दोष मान्य झाला, म्हणून उपाय शोधला गेला.

दोषाचे दोन अर्थ

नाणेसंग्रहाच्या जगात दोषाला किंमतही येते. ब्रिटनमध्ये २००८ साली जुन्या व नव्या ठशांची चुकीची जोडी लागल्याने २० पेन्सची काही नाणी वर्षाच्या अंकाविनाच चलनात आली आणि संग्राहकांनी ती चढ्या भावाने घेतली. यावरून काही जण दोषयुक्त नाण्याला 'दुर्मिळ' म्हणून गौरवितात. हा युक्तिवाद प्रूफ नाण्यास लागू होत नाही. चलनी नाण्यातील चूक दर्शनी मूल्यात हाती येते. प्रूफ नाण्यासाठी ग्राहकाने निर्दोषतेचीच जादा किंमत मोजलेली असते. ओरखड्याला दुर्मिळता म्हणणे म्हणजे विक्रेत्याची जबाबदारी ग्राहकाच्या नशिबावर ढकलणे होय.

नियमांतील पोकळी

स्मारक नाण्याच्या अधिसूचनेत आकार, व्यास, कडेवरील दाते, धातूचे प्रमाण व आकृती यांचा तपशील असतो. पृष्ठभागाच्या दर्जाचा नसतो. इंग्लंडमध्ये तेराव्या शतकापासून चालत आलेल्या 'पिक्स' चाचणीत टांकसाळीबाहेरील पंच नाणी तपासतात. त्या चाचणीचा भरही मुख्यतः वजन व कस यांवरच आहे. तथापि पाडणाऱ्याने पारखू नये, हे तत्त्व तीत आहे. भारतातील ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार विक्रेत्याने दावा केलेल्या दर्जातील उणीव हाही 'दोष' ठरतो. या दृष्टीने पाहता 'प्रूफ' हा शब्द केवळ वर्णन नसून तो एक दावा आहे, आणि त्याची मोजमापे जाहीर नसतील तर तो सिद्धही करता येत नाही, खोडूनही काढता येत नाही.

निष्कर्ष

पृष्ठभागाचे लेखी निकष, टांकसाळीबाहेरील नमुना तपासणी आणि सदोष नाणे ठरावीक मुदतीत बदलून देण्याची स्पष्ट हमी, या तीन गोष्टी आवश्यक आहेत. मुंबईच्या फोर्ट भागातील ग्राहक निदान टांकसाळीच्या दारापर्यंत जाऊ शकतो. कारध्याच्या ग्राहकासाठी ही लेखी हमी हेच दार आहे. राजमुद्रा उमटलेली वस्तू वाजवून घेण्याची सोय नसेल, तर ती वाजवूनच पाठविण्याचे दायित्व पाठविणाऱ्यावर येते.