पाकपुस्तकातील माणसे

पाककृतींची पुस्तके हा आपल्याकडे टीकेचा विषय मानला जात नाही. कवितासंग्रहावर परीक्षण लिहिले जाते, नाटकावर वाद झडतात; परंतु ज्या पुस्तकाची पाने हळदीने पिवळी आणि तेलाने पारदर्शक झाली आहेत, जे घरातील कोणत्याही कादंबरीपेक्षा अधिक वेळा उघडले गेले आहे, त्याविषयी ‘उपयुक्त आहे’ यापलीकडे कोणी काही बोलत नाही. उपयुक्त तर पंचांगही असते आणि आगगाडीचे वेळापत्रकही. पाकपुस्तकात मात्र एक माणूस दुसऱ्याशी बोलत असतो: आपल्या घरात जे रांधले जाते ते परक्या घरात जावे, अशा इच्छेने. हे बोलणे कितपत प्रामाणिक आहे, ते कोणाला उद्देशून आहे आणि त्यात कोणाचे नाव गाळले आहे, हे पाहणे टीकाकाराचे कामच होय.

प्रस्तुत लेखक व्यवसायाने वकील आहे. चहापलीकडे त्याच्या हाताला पाककलेचा स्पर्श नाही. परंतु साक्षीपुरावा तपासण्यात ज्याची वीस वर्षे गेली, त्याला लिखित कृतीकडे पाहताना एक प्रश्न सहज सुचतो. हे सांगणाऱ्याने स्वतः पाहिले आहे की ऐकले आहे, आणि ऐकले असेल तर कोणाकडून?

माझ्या बुऱ्हाणपूरच्या घरात स्वयंपाकघरातील फडताळात तीन ग्रंथ आहेत. एक ‘रसचंद्रिका’, दुसरा ‘रुचिरा’ आणि तिसरी माझ्या आईची निळ्या पुठ्ठ्याची वही. आई कारवारची. पन्नासएक वर्षांपूर्वी लग्न होऊन ती तापीकाठी आली तेव्हा पहिला ग्रंथ तिच्या ट्रंकेत होता. दुसरा येथे आल्यावर विकत घेतला. तिसरा तिने स्वतः लिहिला. या तिघांचा विचार एकत्र करावा, असे मनात आहे.

आपल्या भूमीत पाकशास्त्र फार जुने आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लासा’त अन्नभोगाचे वर्णन आहे आणि त्यात मंडक, म्हणजे आपले मांडेही आहेत. पण तो राजाचा भोग. तेथे रांधणाऱ्याला चेहरा नाही. मराठीत छापील पाकपुस्तकांची वाट रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या १८७५ च्या ‘सूपशास्त्रा’ने पडली. पुढे १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ आले. नाव पाहावे: गृहिणीचे मित्र! ज्या मुलीला आई दूर आणि सासू नसलेली बिऱ्हाडे मिळू लागली, तिला अशा मित्राची गरज होती. नोकऱ्यांनी कुटुंबे फोडली आणि त्या भेगांतून पाकपुस्तके उगवली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

‘रसचंद्रिका’ मुंबईच्या सारस्वत महिला समाजाने चाळीसच्या दशकात मराठीत प्रसिद्ध केली. अंबाबाई संशी यांनी ती सिद्ध केली. पुढे तिचे इंग्रजी भाषांतरही झाले. हे एका ज्ञातीने आपल्या लेकीसुनांसाठी केलेले पुस्तक आहे आणि तसे ते लपवीत नाही. पदार्थांखेरीज त्यात घरगुती औषधे आहेत, सणवार आहेत; म्हणजे एका घराचा अवघा संसारच बांधून दिला आहे. दाळितोय, घशी, उपकरी, तंबळी ही नावे वाचताना कारवार-कुमट्याच्या माणसाला आजीचा आवाज ऐकू येतो. हे त्याचे थोर बळ. परंतु आजी नातीशी बोलते तेव्हा पुष्कळ गोष्टी गृहीत धरते. ओला नारळ घरात असणारच, हे तिला सांगावे लागत नाही. माझ्या आईच्या पहिल्या वर्षी बुऱ्हाणपुरात नारळ मिळे तो देवळाबाहेरच्या टोपलीत. देवाला तो चाले, पण फोडल्यावर आत सुकलेला. त्याचा रस काढायचा कसा? तिरफळे नव्हती, आमसुले टपालाने येत. पुस्तक जवळ होते आणि पुस्तकातले जग शेकडो कोस दूर होते.

कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० ची. सांगली जिल्ह्यातील कुंडलमध्ये जन्मलेल्या, चौथीपर्यंत शिकलेल्या या बाईंनी मराठी पाकपुस्तकाला जे दिले त्याचे मोल अद्याप कोणी नीट केलेले नाही. त्यांनी वाटी आणि चमचा ही मापे रूढ केली. वरवर ही सोय दिसते. वस्तुतः त्यामागे एक विचार आहे. वाटी हे वजन नव्हे, ते प्रमाण आहे. एकाच वाटीने रवा, साखर, तूप मोजले की वाटी लहान असो वा मोठी, शिरा बिघडत नाही. तराजू नसलेल्या घरालाही अचूकपणाचा अधिकार देणारे हे माप आहे. अंदाजाच्या आड लपलेली सुगरणीची मक्तेदारी या वाटीने मोडली. लाख सुनांची सासू असा त्यांचा जो कौतुकाने उल्लेख होई, तो सार्थच होता.

तथापि ‘रुचिरे’च्या शक्तीतच तिची मर्यादा आहे. वाटी कोणाच्याही घरची चालते. म्हणून ती कोणा एका घरची राहत नाही. सर्वांसाठी लिहिणारी बाई आपली आत्या, आपली शेजारीण, आपले गाव मागे ठेवते. ‘रसचंद्रिके’त माणसे आहेत पण ती आपलीच आहेत, ‘रुचिरे’त दार सताड उघडे आहे पण दारात कोण उभे आहे ते नीटसे दिसत नाही. या दोहोंच्या मधली जागा आईच्या वहीने कशी भरली ते आता सांगतो.

बुऱ्हाणपूर हे विलक्षण गाव आहे. फारुकी सुलतानांची आणि पुढे मोगली खानदेश सुभ्याची ही राजधानी. ब्रिटिश अमदानीत ती मध्य प्रांताच्या निमाड जिल्ह्यात गेली, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिली आणि २००३ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाली. कागदावर खानदेश रावेरच्या अलीकडे संपतो. चुलीवर तो संपत नाही. हिवाळ्यात येथेही वांगी भाजली जातात, येथेही कळण्याच्या भाकरी होतात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले. कायद्याला कोठेतरी रेघ ओढावीच लागते, हे मला वकील म्हणून मान्य आहे. परंतु तापीच्या काळ्या मातीला ती रेघ ठाऊक नाही. मांडे हा शब्द तर येथे दोन घरी नांदतो. बाजारात मांडे म्हणजे हातावर फिरवून पसरलेली, उलट्या कढईवर भाजलेली रुमालासारखी पातळ रोटी. मराठी घरात मांडे म्हणजे पुरण भरून, पालथ्या खापरावर भाजलेली भलीमोठी पोळी. आणि या गावाभोवती कोसच्या कोस केळीचे मळे.

केळीनेच आईचा वनवास संपविला. येथे केळीचे घड गाडीत चढत आणि केळफुले बांधावर कुजत. ज्या मुलीच्या माहेरी केळफुलाची उपकरी आणि केळीच्या गाभ्याची कोशिंबीर होई, तिला हे पाहून गहिवरून आले असल्यास नवल नाही. गल्लीतील एक बाई मळ्यात मजुरीला जाई. आम्ही मुले तिला मावशी म्हणत असू. आईने तिला फुले आणावयास सांगितली, तेव्हा गुरांसाठी हवीत असे तिला वाटले. मग अंगणात शिकवणी सुरू झाली. हाताला तेल लावून फूल सोलावयाचे. प्रत्येक कळीतली ताठ काडी आणि पारदर्शक पाकळी काढून टाकावयाची. चिरून ताकात बुडवून ठेवावयाचे म्हणजे काळे पडत नाही. गाभ्याच्या चकत्या कापताना सुटणारा धागा बोटाला गुंडाळीत जावयाचे. नारळाऐवजी आईने तीळ आणि शेंगदाण्याचा कूट घातला. तो पदार्थ ‘रसचंद्रिके’त बसणारा नव्हता आणि खानदेशचाही नव्हता, पण गल्लीत चार घरी होऊ लागला.

मावशीने त्याची परतफेड मांड्यांनी केली. कणीक किती सैल भिजवावी, दोन पाऱ्यांमध्ये पुरण ठेवून कडा कशा मिटाव्यात, मग ती पोळी पंजांवरून कोपरापर्यंत सरकवीत कशी वाढवावी आणि एका झोकात तापल्या खापरावर कशी टाकावी, हे तिने आईला शिकविले. पहिले तीन मांडे फाटून चुलीत पडले, असे वहीत नमूद आहे. कोणत्याही छापील पाकपुस्तकात फसलेल्या घाण्याची अशी नोंद माझ्या पाहण्यात नाही, आणि नवशिक्याला धीर देणारे याहून मोठे वाक्य असू शकत नाही.

काही महिन्यांपूर्वी परदेशी असलेल्या भाचीसाठी या वहीची स्वच्छ प्रत करण्याचे काम माझ्याकडे आले. कायदा सरळ आहे. १९५७ चा प्रतिमुद्राधिकार अधिनियम शब्दरचनेला संरक्षण देतो, कल्पनेला वा कृतीला नाही. म्हणजे वाक्ये आईची, मांडे कोणाचेही. नक्कल करता करता एक गोष्ट ध्यानात आली आणि लेखणी थांबली. वहीत प्रत्येक कृतीवर नाव आहे: ‘थोरल्या वन्संचे लोणचे’, ‘कुमट्याच्या मावशीची घशी’, ‘डॉक्टरीणबाईंचा चिवडा’. मांड्यांवर नाही. तेथे नुसते ‘खापरावरचे मांडे’. आणि मला आठवले की मावशी कधी स्वयंपाकघरात आली नाही. खापराला अंगणातील चूल लागते, हे खरेच. पण केळफूल सोलावयास तर चूल लागत नाही. तेही अंगणातच झाले.

माझी आई कठोर नव्हती. तिने मावशीला ताटभर वाढले, तिच्या लेकीच्या लग्नात साडी दिली. तरीही लिहिताना हात त्या नावापाशी आपोआप थांबला. हा एका बाईचा दोष नाही. ही आपल्या सगळ्या पाकवाङ्मयाची सवय आहे. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातील दलितांच्या चुली पुस्तकात आणल्या. त्या नावातील एका अक्षराने आपल्या जुन्या वचनाला जाब विचारला आहे. आपण अन्नाला पूर्णब्रह्म म्हणत आलो आणि निम्म्या चुलींचा धूर आपल्या पुस्तकांपर्यंत पोचू दिला नाही. त्या पुस्तकाला कोणी रुक्ष म्हणो, कडवट म्हणो. मला ते आपल्या पाकपुस्तकांच्या परंपरेतील एक आवश्यक पान वाटते, कारण कोण काय खात होते याबरोबर ते का खावे लागत होते, हे ते सांगते.

देवळांच्या आधाराने जगलेल्या आपल्या समाजाला पंक्तीचे मोल सांगावयास नको. पंगतीत शेजारी बसलेल्या माणसाशी नाते जडते, हे आपण जाणतो. पण पंगत कोठे संपते हेही जाणतो. पाककृती पंगतीहून चपळ आहे. ती उंबऱ्यावरून जाते, ज्ञात ओलांडते, राज्याची सीमा ओलांडते. माणूस बाहेर राहतो आणि त्याची विद्या आत येते. म्हणून माझ्या मते पाकपुस्तकाच्या तीन कसोट्या असाव्यात. ज्याच्याजवळ सामग्री नाही त्याला ते वाट दाखविते काय? फसलेला घाणा ते कबूल करते काय? आणि ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव घेते काय? पहिल्या कसोटीवर ‘रुचिरा’ सरस ठरेल. ‘रसचंद्रिका’ आपल्या माणसांना विसरत नाही, पण आपले कोण याची यादी तिने आधीच ठरविली आहे. आईची वही दोन कसोट्यांना उतरली आणि तिसरीवर अडखळली.

मी वही घेऊन आईकडे गेलो. ती आता ऐंशीला टेकली आहे. पान दाखविले. तिने चष्मा लावून ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “तिचें नांव बरोवंक जाय आसलें.” मग आम्ही नाव आठवू लागलो. आईला आठवेना, मला तर ते कधी माहीतच नव्हते. मावशी जाऊन बारा-पंधरा वर्षे झाली, तिची मुले गाव सोडून गेली. गल्लीत विचारले, प्रत्येकाने ‘मळ्यातली मावशी’ एवढेच सांगितले. साऱ्या गल्लीने तिच्या हातचे मांडे खाल्ले होते, आणि तिचे नाव कोणाजवळ नव्हते.

अखेर आईने माझ्या हातातून लेखणी घेतली आणि जुन्या मथळ्याखाली, थरथरत्या अक्षरांत, स्वतः लिहिले: ‘मळ्यांतले मावशेन शिकयले.’ भाचीला पाठविलेल्या प्रतीत ती ओळ तशीच ठेवली आहे. नावाची जागा तेथे अजून रिकामीच आहे.