संतचरित्र आणि त्या दिवसाचे वाचन

कॅथलिक कुटुंबांसाठी निघणाऱ्या दैनंदिन उपासनेच्या पुस्तिकांची मांडणी बहुधा ठरलेली असते. पानाच्या माथ्यावर तारीख, तिच्याखाली त्या दिवसाच्या वाचनांचे संदर्भ, मग दहा-बारा ओळींत संताचे चरित्र आणि शेवटी एक लहानशी प्रार्थना. संध्याकाळी जपमाळ संपली की घरातील एखादे मूल हे पान मोठ्याने वाचते. अनेक घरांत दिवसभरातले धार्मिक वाचन तेवढेच होते. म्हणूनच या दहा-बारा ओळींकडे साहित्य म्हणून बारकाईने पाहणे मला अगत्याचे वाटते. कथा-कादंबऱ्यांची समीक्षा आपण हौसेने करतो. जे लेखन खरोखर रोज वाचले जाते, त्याची मात्र कोणी दखल घेत नाही.

माझा मुख्य आक्षेप असा आहे की, एकाच पानावर छापलेले संतचरित्र आणि शास्त्रवाचन यांची एकमेकांशी ओळखच नसते. चरित्रात जन्मगाव येते, धर्मशील आईबाप येतात, बालपणापासूनची भक्ती, एकदोन चमत्कार, मृत्यू आणि संतपदाचे साल येते. नाव बदलले तर तेच चरित्र दुसऱ्या कोणत्याही तारखेखाली सहज खपून जाईल. वाचनाचा संदर्भ तर केवळ आकड्यांत असतो; अध्याय आणि ओव्या. तो शोधून शुभवर्तमान उघडणारी घरे फार थोडी.

संतचरित्राची परंपरा मुळात अशी नव्हती. संत अथानासिअस यांनी लिहिलेले ईजिप्तच्या संत अँथनींचे चरित्र हा या वाङ्मयप्रकाराचा आद्य नमुना. अँथनी निवर्तले इ. स. ३५६ मध्ये, आणि त्यानंतर थोड्याच काळात हे चरित्र लिहिले गेले. त्याचा आरंभबिंदू कोणता? आईबाप वारलेला एक सधन तरुण चर्चमध्ये शिरतो. त्या वेळी मत्तयच्या एकोणिसाव्या अध्यायातील श्रीमंत तरुणाचा प्रसंग वाचला जात असतो, आणि तो प्रसंग आपल्यालाच उद्देशून वाचला जात आहे असे त्याला वाटते. पुढचे सारे आयुष्य, ते अरण्य आणि ती तपश्चर्या, या एका ऐकण्यातून उगवते. १७ जानेवारीला त्यांच्या स्मरणदिनासाठी ख्रिस्तसभेने नेमलेले शुभवर्तमान तेच आहे. वाचनग्रंथ रचणाऱ्यांनी अथानासिअस नीट वाचला होता; आपल्या पुस्तिकाकारांनी तो वाचलेला दिसत नाही. अँथनींना छळणाऱ्या सैतानांचे वर्णन मात्र कोणी गाळत नाही.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण संत फ्रान्सिस झेवियर यांचे. ते ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले, म्हणून त्यांच्यावर आपला हक्क आहे. ३ डिसेंबरच्या पानावर हमखास काय असते? समुद्रात पडलेला क्रूस परत आणून देणारा खेकडा, आणि न शिकता सर्व भाषा बोलण्याचे वरदान. आता झेवियर यांनी स्वतः १५४२ ते १५४४ या काळात आपल्या सहकाऱ्यांना लिहिलेली पत्रे पाहावीत. मोत्यांच्या किनाऱ्यावरील पारव लोकांत वावरताना त्यांना तमिळ येत नव्हती. दोन्ही भाषा जाणणारी माणसे गोळा करून, त्यांच्याबरोबर दिवसच्या दिवस बसून त्यांनी क्रूसाची खूण, श्रद्धासूत्र, आज्ञा व प्रार्थना त्या भाषेत आणवल्या, मग त्या पाठ केल्या आणि हातात घंटा घेऊन ते गल्लोगल्ली फिरले. बाप्तिस्मा देऊन देऊन हात दुखून येई आणि प्रार्थना शिकण्यासाठी जमलेली मुले त्यांना जेवू वा झोपू देत नसत.

त्या दिवशीचे पहिले वाचन आहे करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय नववा. त्यात संत पौल सांगतात की, सुवार्ता सांगणे ही आपल्यावर आलेली निकड आहे आणि त्यासाठी आपण दुर्बलांत दुर्बल झालो. चाळिशीकडे झुकलेला पॅरिस विद्यापीठाचा एक पदवीधर कोळ्यांच्या पोरांसमोर चुकतमाकत त्यांची भाषा बोलतो, हे त्या वाचनाचे जितके जिवंत भाष्य आहे तितके दुसरे कोणते असेल? भाषांचे वरदान चरित्रात घातले की हे भाष्य पुसले जाते. एवढेच नव्हे, तर वारली वा कातकरी पाड्यावर जाऊन त्यांच्या बोलीशी झटापट करणाऱ्या आपल्या धर्मशिक्षकांचा एक सोबतीही हिरावला जातो.

संत मरिया माग्दालेना हिच्या बाबतीत तर वाचन आणि चरित्र एकमेकांच्या विरुद्धच उभे राहतात. इ. स. ५९१ च्या सुमारास पोप संत ग्रेगरी यांनी एका प्रवचनात तिला लूकच्या सातव्या अध्यायातील निनावी पापी स्त्रीशी आणि बेथानीच्या मरियेशी एकरूप केले. तेव्हापासून पश्चिमेकडील भक्तीत ती पश्चात्तापी वेश्या म्हणूनच राहिली. १९६९ च्या सुधारणेत उपासनेने हे मिश्रण सोडून दिले, आणि २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी २२ जुलैच्या तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. त्या दिवशीचे शुभवर्तमान योहानच्या विसाव्या अध्यायातले: रिकामी कबर, बागेतली हाक, आणि शिष्यांकडे निरोप घेऊन धावणारी स्त्री. वेदीवरून हे ऐकावे आणि घरी येऊन पुस्तिकेत तिच्या न केलेल्या पापांचे रसभरित वर्णन वाचावे, ही विसंगती मुलींच्या लक्षात येत नसेल असे कोणी समजू नये.

याचा अर्थ दंतकथा सरसकट कापून टाकाव्यात असा कोणी घेतला तर त्याला माझा विरोध राहील. संत ख्रिस्तोफर यांचे नाव १९६९ साली रोमच्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून निघाले (हुतात्म्यांच्या नामावलीत ते २५ जुलैखाली अजूनही आहे), आणि काही सुशिक्षितांना त्यांची कथा सांगण्याची लाज वाटू लागली. तेराव्या शतकात याकोबुस द व्होराजिने यांनी ‘सुवर्णकथा’ या ग्रंथात ती सांगितली आहे. सर्वांत थोर राजाच्या शोधात निघालेला धिप्पाड माणूस शेवटी नदीकाठी वाटसरूंना खांद्यावरून पैलतीरी नेऊ लागतो. एका रात्री एक मूल येते, आणि प्रवाहाच्या मध्यावर ते मूल साऱ्या जगाएवढे जड होते. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायाचे, लहानांत लहानाची केलेली सेवा प्रभूला पोचते या वचनाचे, इतके चित्रमय निरूपण मी अन्यत्र वाचलेले नाही. ही कथा शास्त्रातून निघते आणि शास्त्राकडेच परत नेते. खेकडा तसे काहीच करत नाही.

आपल्या पूर्वजांना कथेची ही ताकद कळत होती. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. पादुआच्या संत अँथनींवरील फादर अंतोनियो द साल्दान्हा यांची ‘जीवित्वकथा’ १६५५ ची, अ. का. प्रियोळकर यांच्या संशोधनामुळे ती आपल्या हाती आली. पुराण ऐकणाऱ्या कानांना अद्भुताची गोडी होतीच. मात्र स्टीफन्स यांनी त्या गोडीला उत्पत्तीपासून पुनरुत्थानापर्यंतच्या शास्त्राचा कणा दिला. आपल्या पुस्तिकांनी गोडी ठेवली आणि कणा काढून टाकला.

साध्या वारांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. वर्षभर मार्क, मग मत्तय, मग लूक असे शुभवर्तमान सामान्य काळात क्रमाने वाचले जाते, आणि केवळ स्मरणदिन आहे म्हणून ही साखळी वारंवार तोडू नये असे वाचनग्रंथाच्या प्रस्तावनेतच सुचवले आहे. अशा दिवशी संत आणि वाचन ओढूनताणून जुळवण्याचा खटाटोप पुस्तिकेने करू नये. संताला दोन ओळी द्याव्यात आणि उरलेली जागा शुभवर्तमानाच्या चार-पाच ओव्या प्रत्यक्ष छापण्यात खर्च करावी.

पण ६ फेब्रुवारीला मात्र दोन ओळींवर भागवू नये. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह क्रूसावर मरण पावले आणि १८६२ साली संत म्हणून घोषित झाले, एवढे आपली मुले घोकतात. त्यांचा कान कापला होता हेही त्यांना ठाऊक असते. परंतु ते धर्मगुरू नव्हते, फ्रान्सिस्कन संघाचे साधे बंधू होते, आणि जपानी भाषा अवगत असल्यामुळे पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले, हे फार थोड्या पुस्तिकांत सापडते. रोमन वाचनग्रंथात या दिवसासाठी गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय आहे, ज्यात पौल आपण ख्रिस्ताबरोबर क्रूसावर खिळलेले आहोत असे म्हणतात. आणि मत्तयचा शेवटचा प्रसंग आहे, ज्यात सर्व राष्ट्रांना शिकवण्याची आज्ञा आहे. त्या आज्ञेतला गोन्सालोंच्या वाट्याला आलेला भाग म्हणजे दुसऱ्याचे प्रवचन तिसऱ्याच्या भाषेत नीट पोचवणे. दहा ओळींत हे सहज मावते. त्यासाठी संतपदाचे साल गाळावे लागले तरी हरकत नाही.