आपली आवड, कुणाचा आवाज?

कादंबरी का आवडली हे सांगताना समीक्षक परंपरा, भाषा, वर्ग, काळ असे सगळे काढतो. ऐकण्याच्या बाबतीत मात्र 'मला बुवा बरे वाटते' एवढ्यावर विषय मिटतो. मराठी पॉडकास्ट आता घराघरांत ऐकले जातात, पण ते कसे आहेत याची चर्चा सहसा प्रेक्षकसंख्येच्या पुढे जात नाही. म्हणून स्वतःच्या आवडीलाच थोडे तपासून पाहावे असे ठरवले. मी नंदुरबारला राहतो, आसपासच्या बोलींच्या नोंदी करत हिंडतो आणि कोणत्याही विद्यापीठाच्या हजेरीपटावर माझे नाव नाही. या लेखातला कान इथे घडलेला आहे, हे वाचकांनी आधीच धरून चालावे.

'पॉडकास्ट' हा शब्द पहिल्यांदा छापून आला तो फेब्रुवारी २००४ मध्ये, 'द गार्डियन'मधल्या बेन हॅमर्स्ली यांच्या लेखात. आयपॉड आणि ब्रॉडकास्ट यांचा तो जोडशब्द. पुढे ऑक्टोबर २०१४ मध्ये सारा कोनिग यांची 'सिरियल' ही अमेरिकन मालिका आली. तिने एका जुन्या खून खटल्याची उलटतपासणी भागाभागांनी केली आणि या प्रकाराला जगभर श्रोता मिळवून दिला. मराठी श्रोत्याला हप्त्याहप्त्याने ऐकण्याची सवय त्याच्या कितीतरी आधीची. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' आठवड्याला एक गीत या हिशेबाने वर्षभर चालले आणि ५६ गीतांवर संपले. मुंबई केंद्राच्या 'पुन्हा प्रपंच'मधले टेकाडे भावजी तर कित्येक घरांत नात्यातलेच झाले होते. रेडिओची वेळ ठरलेली असे आणि श्रोत्याला ती पाळावी लागे. पॉडकास्टने ही वेळेची सक्ती काढून टाकली, आणि बोलण्याला लांबीचीही मोकळीक दिली.

या मोकळिकीचा सर्वांत चांगला उपयोग मराठीत गप्पांनी केला. सौमित्र पोटे यांचे 'मित्रम्हणे' किंवा ओंकार जाधव आणि शार्दूल कदम यांचे 'अमुक तमुक' मी आवडीने ऐकतो. तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगावला जायचे तर वाटेत फोनचे नेटवर्क भरवशाचे नसते, म्हणून दोन-तीन भाग घरूनच उतरवून घेतो. तासाभराच्या गप्पांचा एक गुण असा की, पाहुण्याची पाठ केलेली उत्तरे साधारण निम्म्यावर संपतात आणि मग माणूस बोलू लागतो. 'खुसपुस'ने तर शरीर, लैंगिकता, मनाचे आजार हे विषय मराठी दिवाणखान्यात आणले. ज्या भाषेत या गोष्टींना एक तर शिवी होती किंवा संस्कृत शब्द, त्या भाषेत त्या साधेपणाने बोलता येतात, हे या मंडळींनी दाखवून दिले. ही मोठी कामगिरी आहे.

याच गप्पांतली एक गोष्ट मात्र मला हळूहळू खटकू लागली. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणात प्रत्येक भाषेचा नमुना म्हणून बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट त्या त्या भाषेत लिहून घेतली जाई. १९०७ साली निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिल्ल भाषा आणि खानदेशी यांचे नमुने आहेत. शेकडो बोली, गोष्ट एकच: मुलगा घर सोडतो, हाल काढतो, परत येतो. आजच्या यशोगाथांच्या मुलाखती ऐकताना मला तो खंड आठवतो. इथेही गोष्ट एकच आहे. लहान गाव, हलाखी, शहरात मिळालेले नकार, एक संधी, मग यश. फरक दोनच. ग्रिअर्सनचा मुलगा घरी परततो, पॉडकास्टमधला परतत नाही. आणि ग्रिअर्सनने निदान बोली बदलत ठेवली होती. इथे गोष्टीबरोबर भाषाही एकच झाली आहे, पुण्या-मुंबईची, मधूनमधून इंग्रजी क्रियापदांना 'करणे' जोडणारी. गाव त्यात भूतकाळ म्हणून येते आणि गावची बोली आलीच तर हसवण्यापुरती.

हे माध्यमाचे बंधन आहे असे मला वाटत नाही. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथाकथनाला शहरांतली सभागृहे भरत असत. त्यांच्या कथांतली माणसे आपापल्या बोलीत बोलत, आणि श्रोते ती बोली समजून घेत. तिथे हशा होता, पण तो त्या माणसांच्या हिकमतीला आणि फजितीला होता, त्यांच्या उच्चारांना नव्हता. म्हणजे बोली ऐकण्याची तयारी मराठी कानाला होती. ती आता नाही असे गृहीत कुणी धरले?

बातम्यांच्या बाजूला मला बीबीसी मराठीची 'सोपी गोष्ट' आवडते. तिची वाक्ये कानासाठी लिहिलेली असतात; आकडा आला की त्याच्या मागे तुलना येते, नाव आले की ओळख येते. लिहिलेला अग्रलेख मोठ्याने वाचला म्हणजे तो ऐकण्याजोगा होत नाही, ही साधी गोष्ट आपल्याकडे अनेकांना अजून उमगलेली नाही. पण इथेही समजावून सांगणारा एक आणि समजून घेणारे आपण, ही मांडणी राहतेच.

माझ्या आवडीची खरी कसोटी पॉडकास्ट या नावाने ओळखल्याही न जाणाऱ्या एका संग्रहात आहे, आणि तो आमच्याच जिल्ह्याचा आहे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली जी ३३ आदिवासी गावे आली, ती अक्कलकुवा आणि अक्राणी या आमच्या तालुक्यांतली. नर्मदा बचाव आंदोलनात काम केलेल्या नंदिनी ओझा यांनी पुढे त्या लढ्याचा मौखिक इतिहास ध्वनिमुद्रित केला. केशवभाऊ वसावे आणि केवलसिंग वसावे यांच्या मुलाखतींतून 'लढा नर्मदेचा' हे पुस्तक झाले, २०२२ मध्ये ते इंग्रजीतही आले. या संग्रहातल्या मुलाखतींचे आवाज इंटरनेटवर ऐकायला मिळतात. त्यांना शीर्षकसंगीत नाही, जाहिरात नाही, 'सबस्क्राइब करा' नाही. तिथे बोलणारा माणूस पाहुणा नसून साक्षीदार आहे, आणि विचारणारीला पुढचा प्रश्न टाकण्याची घाई नाही. बोलणारा आठवण्यासाठी थांबतो, तेव्हा तो थांबाही ऐकू येतो. छापील पुस्तकात नेमका हाच भाग उरत नाही. संपादनाच्या नावाखाली असे थांबे कापून टाकणारे पॉडकास्ट मला त्यानंतर घाईचे वाटू लागले.

इथे माझी आवड माझ्यापुरती राहत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार, आणि तिच्यात सुमारे ६९ टक्के अनुसूचित जमाती. त्याच जनगणनेत देशात भिली भाषक १ कोटी ४ लाख आणि खानदेशी भाषक १८ लाख ६० हजार भरले. दोन्ही भाषा आठव्या अनुसूचीबाहेर. पावरी, मावची, देहवाली, अहिराणी यांतली गाणी फोनवर रग्गड आहेत. अहिराणी गाणी तर आता साऱ्या महाराष्ट्राच्या वरातीत वाजतात. बोलणे मात्र फारसे सापडत नाही. काठीच्या राजवाडी होळीला दरवर्षी कॅमेरे येतात, ढोल आणि मोरपिसांचे टोप टिपून जातात. ढोल थांबल्यावर माणसे काय बोलतात, हे टिपायला कुणी थांबत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, ऐकणार कोण? आमच्याकडच्या मिरचीच्या पथारीवर या. देठ खुडणाऱ्या बायकांच्या मध्ये एक फोन मोठ्या आवाजात लावलेला असतो आणि त्याच्या भोवती दहा जणी ऐकत असतात. हात कामात, कान मोकळे. पॉडकास्टवाल्यांच्या मनातला श्रोता कानात बोंडके घालून एकटा बसलेला आहे. हा दुसरा श्रोता त्यांच्या हिशेबातच नाही. छत्तीसगडमध्ये शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या 'सीजीनेट स्वरा'ने तो हिशेबात धरला. साध्या फोनवरून आपल्या भाषेत निरोप बोलून ठेवायचा आणि तसाच फोन करून इतरांचे ऐकायचे, एवढीच ती व्यवस्था. गोंडी बोलणाऱ्याला त्यासाठी ना स्मार्टफोन लागला, ना लिपी.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. प्रमाण मराठी नसेल तर पावरी माणसाचे बोलणे सांगलीला कसे कळणार? कळायला दुभाष्या लागेल, हे खरे. पण मूळ आवाज आधी थोडा वेळ चालू द्यावा आणि मग खालच्या पट्टीत मराठी यावी, ही युक्ती रेडिओला जुनीच माहीत आहे. आणि बोलीत बोलायचे म्हणजे लोकगीते आणि देवांच्या कथाच हव्यात, असेही नाही. तसे केले तर आपण आवाजांचे संग्रहालय बांधू. मला ऐकायचे आहे ते ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या जोडप्याचे उचलीचे गणित, आश्रमशाळेतल्या मुलीला मराठी पाठ्यपुस्तक पहिल्या दिवशी कसे वाटले ते, आणि पुनर्वसनाच्या वसाहतीत वाढलेल्या पोराला नदी म्हणजे काय वाटते ते.

तेव्हा कोणताही नवा पॉडकास्ट कानावर आला की मी तीन गोष्टी पाहतो. बोलणाऱ्याला थांबायला जागा आहे का? तो ज्या गावाविषयी बोलतो त्या गावाची भाषा त्यात ऐकू येते का? आणि विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत आहे का? तिसऱ्याचे उत्तर 'हो' आले की मी सहसा बंद करतो.

धरणापूर्वीची नर्मदा जाणत्या वयात पाहिलेली माणसे आता म्हातारी झाली आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांनी कधी काही लिहिले नाही. त्यांच्याजवळ जे आहे ते बोलण्यात आहे. पुण्या-मुंबईच्या एखाद्या चांगल्या पॉडकास्टने वर्षातून एक भाग धडगावच्या बाजारात, तिथल्याच एखाद्या पावरी बोलणाऱ्या मुलीच्या हाती माईक देऊन करावा. खर्च फार नाही. मुली आहेत, फोन आहेत, बाजारही दर आठवड्याला भरतो.